आधीचे आणि नंतरचे : टाकळीच्या थरांचा एक वाद

जुन्या पोथीचा काळ ठरवण्याची वेळ आली की आपण साहित्याचे अभ्यासक बहुधा एकाच प्रकारचे वाक्य लिहितो : ही रचना अमक्याच्या नंतरची आणि तमक्याच्या आधीची दिसते. पोथीच्या शेवटी शक असला तर काम सोपे होते. पण बरेचदा तो नसतो, किंवा असला तरी तो रचनेचा नसून नकलेचा असतो. मग शब्दांची रूपे, छंद, व्यक्तींचे व स्थळांचे उल्लेख, आधीच्या कवींचे ऋण अशा खुणा गोळा करून आपण त्या पोथीला एका क्रमात बसवतो. या क्रमाला वर्षांचा आकडा नसतो, तरीही तो इतिहासच असतो.

हीच रीत वापरून भूविज्ञानाने पृथ्वीचा इतिहास रचला. वर्षांत मोजलेले भरवशाचे वय विसाव्या शतकात आले. क्रिटेशस, इओसीन, मायोसीन ही प्रकरणे त्याच्या कितीतरी आधी पाडून झाली होती. ती पाडली गेली केवळ 'आधी' आणि 'नंतर' या दोन शब्दांच्या बळावर. या दोन शब्दांचे सामर्थ्य किती आणि त्यांची धाव कोठे संपते, हे ज्या वादात फार स्पष्ट दिसते तो वाद आपल्याच भूमीतला आहे. नागपूरच्या वायव्येस टाकळी नावाचे गाव होते. आता ते शहरात मिसळून गेले आहे. तेथे सापडलेल्या गोगलगायी, बिया आणि भुंग्यांचे पंख यांच्यावरून सुरू झालेला हा वाद सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालला. त्याची हकीकत सांगणे आणि तिच्यातून आपल्याला काय घेता येईल ते पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

प्रथम नियम पाहू. निकोलस स्टेनो हा मूळचा डॅनिश शरीरशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स येथे आश्रयास असताना, १६६६ साली लिव्होर्नोजवळ पकडलेल्या एका प्रचंड शार्क माशाचे डोके त्याच्याकडे विच्छेदनासाठी आले. त्या माशाचे दात आणि खडकांत सापडणारे, लोक ज्यांना 'जिभेचे दगड' म्हणत ते त्रिकोणी दगड, यांतील साम्य पाहून तो थबकला. कठीण खडकाच्या पोटात माशाचा दात शिरला कसा? त्याचे उत्तर असे, की दात आला तेव्हा खडक कठीण नव्हताच. तो गाळ होता. १६६९ साली प्रसिद्ध केलेल्या छोट्या ग्रंथात स्टेनोने यातून नियम काढले. गाळ आडवा साचतो. खालचा थर आधी साचल्यावाचून वरचा थर साचूच शकत नाही. म्हणून अस्ताव्यस्त न झालेल्या थरांत खालचा तो आधीचा आणि वरचा तो नंतरचा. आज ही गोष्ट शेंबडे पोरही सांगेल. पण काळाला जागेत वाचण्याची युक्ती तिच्यात आहे, आणि ती कोणाला तरी प्रथम सुचावी लागली.

मात्र हा नियम एका कड्यापुरता चालतो. दहा कोसांवरच्या दुसऱ्या कड्यातील थर पहिल्याच्या आधीचा की नंतरचा, हे त्यावरून कळत नाही, कारण मध्ये नदी आहे, शेती आहे, थर तुटलेला आहे. ही अडचण सोडवली विल्यम स्मिथ या इंग्रज मोजणीदाराने. तो लोहाराचा मुलगा. सॉमरसेटमधील कोळशाच्या कालव्याची आखणी करताना, १७९० नंतरच्या दशकात, त्याच्या ध्यानात आले की दिसायला सारख्या असणाऱ्या दोन चिकणमातींमध्ये शिंपले मात्र वेगळे असतात आणि तेच शिंपले त्याच क्रमाने दूरदूरच्या ठिकाणी पुन्हा भेटतात. माती फसवते, पण तिच्यातले अवशेष तिची ओळख सांगतात. या आधारावर त्याने १८१५ साली इंग्लंड-वेल्सचा भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध केला. पुढे चारच वर्षांत कर्जापायी त्याला तुरुंग पाहावा लागला; प्रतिष्ठितांच्या जिऑलॉजिकल सोसायटीने त्याला पहिले वोलॅस्टन पदक दिले ते १८३१ साली.

तिसरी पायरी चार्ल्स लायेलची. सर्वांत वरच्या, म्हणजे अलीकडच्या, खडकांचे त्याने १८३३ साली जे भाग पाडले त्यांची कसोटी विलक्षण होती : थरातील शिंपल्यांच्या जातींपैकी आज जिवंत असलेल्या जाती शेकडा किती? जेथे हे प्रमाण साडेतीनच्या आसपास, ते इओसीन. जेथे अठराच्या आसपास, ते मायोसीन. ही सारी टक्केवारी युरोपातल्या समुद्री शिंपल्यांवर बेतलेली होती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढचा सारा घोळ तिच्यापासून सुरू होतो.

२

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे त्याला भूवैज्ञानिक 'ट्रॅप' म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना. सह्याद्रीची कोणतीही रांग दुरून पाहिली तरी हे नाव पटते. भेगांतून वाहत आलेल्या लाव्ह्याचे थरावर थर गोठत गेले. आज उरलेले त्यांचे क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. पण हे उद्रेक एकसलग झाले नाहीत. मधल्या विसाव्यात पृष्ठभाग कुजून त्याची माती झाली. घाटातून जाताना काळ्या कड्यात मध्येच जो तांबडा पट्टा दिसतो, तो अशाच एका विसाव्याची खूण आहे. काही ठिकाणी, विशेषतः ट्रॅपच्या पूर्व सीमेकडे, या विसाव्यात तळी साचली, त्यांत गाळ बसला, गोगलगायी आणि मासे वाढले, काठची झाडे पडली. मग पुन्हा लाव्हा आला आणि सारे झाकले गेले. दोन ट्रॅपांमध्ये सापडलेल्या या गाळाच्या थरांना आपण येथे 'मधले थर' म्हणू. पुस्तकाच्या पानांत दाबून ठेवलेल्या पिंपळपानासारखे ते आहेत.

या अवशेषांकडे विद्वानांचे लक्ष वेधणाऱ्यांत जॉन ग्रँट माल्कमसन हा वैद्य अग्रभागी होता. त्याचा निबंध १८४० साली छापून आला आणि त्यातच एका गोड्या पाण्यातील गोगलगायीला 'फायसा प्रिन्सेपी' हे नाव मिळाले. मधल्या थरांच्या अभ्यासकांना ही गोगलगाय पुढे वारंवार भेटत राहिली.

नागपूरचे काम स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांचे. हिस्लॉप १८१७ साली जन्मला आणि १८४५ च्या सुमारास नागपुरास आला. नागपुरातल्या त्याच्या नावाच्या महाविद्यालयामुळे हे नाव आपल्याला परिचित आहे. तो खडकही वाचत असे, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. १८५१ च्या सुमारास टाकळीच्या थरांत या दोघांना अवशेषांचे भांडारच गवसले : गोगलगायी, माशांचे खवले, इवल्या कवचधारी जीवांची कवचे, भुंग्यांचे पंखावरण, फळे, बिया, लाकूड. नागपूर परिसराच्या भूरचनेवरील त्यांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ साली आला. त्या परिसरातील इतर खडकांतल्या शिळारूप वनस्पतीही त्यांनी गोळा केल्या. चंद्रपूरकडील पिसदुरा येथे हिस्लॉपला मोठ्या प्राण्यांची हाडेही मिळाली.

आता प्रश्न असा, की टाकळीचे तळे कोणत्या काळातले? त्यातला क्रम तर डोळ्यांसमोर आहे : खाली लाव्हा, मध्ये गाळ, वर लाव्हा. (लाव्ह्याच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी लागते. वितळलेला खडक आधीच्या थराच्या खालून घुसू शकतो, आणि मग खालचा खडक नंतरचा ठरतो. अशा वेळी वरच्या गाळाचा तळ भाजलेला आहे की नाही, हे पाहतात.) पण हा क्रम तळ्याला जगाच्या पोथीत कोठे बसवायचे ते सांगत नाही. त्यासाठी युरोपातील थरांशी मेळ घालणे भाग होते, आणि येथे तळ्यातील रहिवासी कामास येईनात. क्रिटेशसचा अंत ओळखायचा तो अमोनाइट नावाच्या समुद्री जीवांच्या नाहीसे होण्यावरून. टाकळीत अमोनाइट नव्हते. पण गोड्या पाण्याच्या तळ्यात ते असणार तरी कसे? त्यांच्या अभावाने काहीच सिद्ध होत नव्हते. फायसा गोगलगाय मधल्या थरांत सर्वत्र भेटे, पण दख्खनच्या बाहेर भेटत नसे. दख्खनमधील एक तळे दुसऱ्याशी जोडायला ती उपयोगी होती, टाकळी लंडनशी जोडायला मुळीच नव्हती. काळ सांगणारा जीवाश्म थोडाच काळ जगलेला, पण दूरवर पसरलेला असावा लागतो. तळ्यातल्या गोगलगायीचा पसारा तिच्या तळ्यांपुरताच असतो.

हिस्लॉपने मग राजमहेंद्रीकडे पाहिले. गोदावरीच्या मुखाजवळ ट्रॅपचा एक तुटक तुकडा आहे आणि त्याच्याही मधल्या थरांत अवशेष आहेत. पण तेथे खाऱ्या पाण्यातले शिंपले आहेत. त्यांच्या आधारे १८६० सालच्या निबंधात त्याने हे सारे थर तृतीय कल्पाच्या आरंभी, म्हणजे इओसीनच्या खालच्या भागात घातले. राजमहेंद्रीचा ट्रॅप तोच नागपूरचा ट्रॅप, आणि राजमहेंद्रीचे मधले थर तेच टाकळीचे, हे त्याचे गृहीत होते.

३

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील विल्यम ब्लॅनफर्ड याने दुसरी वाट धरली. पश्चिम आणि मध्य भारतातील ट्रॅपांवर त्याचा प्रबंध १८६७ साली निघाला. त्याची युक्ती साधी आणि सुंदर आहे. मधल्या थरांतले साक्षीदार मुके असतील तर ट्रॅपच्या खालचा आणि वरचा साक्षीदार बोलवावा. नर्मदेच्या खोऱ्यात बाघजवळ ट्रॅपच्या खाली समुद्री थर आहेत आणि त्यांतले जीवाश्म निःसंशय क्रिटेशस काळाचे आहेत. अर्थात ट्रॅप त्यांच्यानंतरचा. उलट सुरत-भडोचकडे ट्रॅपच्या वर समुद्री थर आहेत आणि त्यांत नाण्यांच्या आकाराचे न्युम्युलाइट आहेत. हे इओसीनचे प्रसिद्ध जीवाश्म. अर्थात ट्रॅप त्यांच्या आधीचा. शिवाय हे न्युम्युलाइटचे थर ट्रॅपच्या झिजलेल्या पृष्ठावर बसले आहेत आणि त्यांच्यात ट्रॅपच्या झिजेतून आलेला गाळ आहे. लाव्हा गोठला, उघडा पडला, झिजला आणि मग समुद्र आला. इओसीनपूर्वी एवढे सगळे घडायचे तर ट्रॅप क्रिटेशसचाच असला पाहिजे, असा त्याचा कौल होता. १८७९ च्या भारतीय भूविज्ञानाच्या सरकारी ग्रंथातही याच मताकडे झुकाव राहिला. जबलपूरजवळ ट्रॅपखालच्या लॅमेटा थरांत डायनोसॉरची हाडे १८२८ सालीच मिळाली होती, आणि १८७७ साली लिडेकरने त्यांतील एका प्राण्याला 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असे नाव दिले होते. तेही याच बाजूने बोलत होते.

या युक्तिवादातील दुखरी जागा कोठे आहे? ती थरात नाही, थरांमधल्या पोकळीत आहे. झिजलेला पृष्ठ म्हणजे गेलेला काळ, हे खरे. पण किती गेलेला, हे तो पृष्ठ सांगत नाही. फाटलेली पाने किती होती हे उरलेल्या पानांवरून कळत नाही, तशातलाच हा प्रकार. बाघ आणि न्युम्युलाइट या दोन टोकांत जे अंतर आहे त्यात क्रिटेशसचा अखेरचा भाग मावतो आणि तृतीय कल्पाचा आरंभही मावतो.

याच सुमारास आणखी एक मूलभूत शंका पुढे आली होती. १८६२ साली टी. एच. हक्सली याने जिऑलॉजिकल सोसायटीपुढे असे मांडले, की दोन देशांत जीवाश्मांचा क्रम सारखा असणे म्हणजे ते थर एकाच वेळी साचले असे नव्हे. एखादा प्राणिसमूह एका प्रदेशात उदय पावून सावकाश दुसऱ्या प्रदेशात पोहोचला असेल, तर क्रम तोच दिसेल आणि काळ मात्र वेगळा असेल. मराठीत एखादा वाङ्मयप्रकार इंग्रजीच्या मागोमाग आला म्हणून तो इंग्रजीच्या समकालीन ठरत नाही, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. ब्लॅनफर्डला याचे महत्त्व नीट उमगले होते. १८८४ साली माँट्रियल येथे त्याने जे अध्यक्षीय भाषण केले, त्यात भारतातील गोंडवन थरांचाही दाखला होता : वनस्पतींवरून एक वय निघते आणि प्राण्यांवरून दुसरेच.

हिस्लॉप या वादाचा पुढचा भाग पाहायला नव्हता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना, बोरीजवळ पुराच्या पाण्यात तो बुडाला. वय शेहेचाळीसही पूर्ण नव्हते.

४

वाद मिटला असे वाटत असतानाच १९३० नंतर बिरबल साहनी यांनी तो पुन्हा उघडला. लखनौ विद्यापीठातील हे वनस्पतिशास्त्रज्ञ त्या काळी भारतातील शिळारूप वनस्पतींचे अग्रगण्य जाणकार होते. दख्खनचा ट्रॅप क्रिटेशस की तृतीय कल्पाचा, असा प्रश्न शीर्षकातच विचारणारा त्यांचा लेख 'करंट सायन्स'मध्ये १९३४ साली आला. त्यांचे पुरावे छिंदवाड्याच्या मधल्या थरांतून आले होते. ताडामाडाच्या जातीची लाकडे विपुल होती. 'अझोला' हे पाण्यावर तरंगणारे चिमुकले नेचे होते. खाजणात वाढणाऱ्या निपा नावाच्या ताडाचे फळ होते, आणि तशीच फळे लंडनच्या इओसीन चिकणमातीत भरपूर मिळतात. यांतील अझोलासारखे वंश तृतीय कल्पाच्या आधी कोठेही नोंदलेले नव्हते. निष्कर्ष उघड होता : हिस्लॉप बरोबर होता, ट्रॅप इओसीनचा.

हा युक्तिवाद भक्कम वाटतो. तो ढासळला तो त्यातील एका न उच्चारलेल्या पायरीमुळे. 'याआधी नोंद नाही' याचा अर्थ 'याआधी अस्तित्व नाही' असा घेतला गेला होता. पुढे जगात इतरत्र अझोलाचे अवशेष निर्विवाद क्रिटेशस थरांत सापडले. निपाचे परागकणही क्रिटेशसच्या अखेरच्या थरांत मिळाले. पुरावा खोटा नव्हता, पण त्याची खालची मर्यादा सरकली. कोशकाराला हा अनुभव नित्याचा आहे. शब्दाची पहिली लिखित नोंद ज्या ग्रंथात सापडते तो ग्रंथ त्या शब्दाचे जन्मस्थान नसतो. उद्या एखादे जुने बाड निघाले की तारीख मागे जाते.

साहनींच्या मोठेपणाला यामुळे उणेपणा येत नाही. त्यांनी वनस्पतींची इतकी काटेकोर वर्णने केली, की निष्कर्ष बदलल्यावरही ती उपयोगी राहिली. ३ एप्रिल १९४९ रोजी लखनौ येथे त्यांच्या संस्थेची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. त्या शिळेत साहनींनी जीवाश्म बसवून घेतले होते. त्यानंतर आठवडाभरातच, १० एप्रिल रोजी, त्यांचे निधन झाले.

५

किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या ऱ्हासावरून लाव्ह्याचे वय वर्षांत मोजणे पुढे शक्य झाले. १९८० साली आल्व्हारेझ पितापुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रिटेशसच्या अखेरच्या महाविनाशाचा संबंध अशनीच्या आघाताशी जोडला, आणि १९८६ साली कूर्तियो या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या गटाने दख्खनचे उद्रेक नेमके त्याच सीमेवर येतात असे मांडले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अतिसूक्ष्म मोजणीनुसार मुख्य उद्रेक या सीमेच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाला आणि एकूण सुमारे साडेसात लाख वर्षे चालला. ही सीमा आजच्या मोजणीने ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची आहे.

म्हणजे दख्खनचा ट्रॅप क्रिटेशस की तृतीय कल्पाचा, या प्रश्नाचे उत्तर : दोन्ही. ज्या रेषेने ही दोन प्रकरणे वेगळी केली, ती रेषा युरोपातल्या समुद्री अवशेषांवरून आखली होती, आणि दख्खनचा लाव्हा त्या रेषेच्या अलीकडे व पलीकडे वाहत राहिला. मधले थरही मग एका काळाचे राहिले नाहीत. टाकळीचे तळे आज क्रिटेशसच्या अखेरीस घालतात. तेलंगणातील नास्कल येथील मधल्या थरात क्रिटेशस काळचा सस्तन प्राणी सापडल्याचे १९८८ साली जाहीर झाले. उलट राजमहेंद्रीच्या आणि छिंदवाड्यातील झिलमिलीच्या थरांत सूक्ष्म सागरी जीवांची जी कवचे मिळाली, त्यांवरून २००८ व २००९ साली ते थर सीमेनंतरचे, म्हणजे तृतीय कल्पाच्या अगदी आरंभीचे ठरले. मुंबईत वरळीला ज्या थरांत बेडकांचे सांगाडे एकोणिसाव्या शतकातच मिळाले होते, तेही सीमेनंतरचे मानले जातात.

यात एक गंमत आहे. राजमहेंद्रीबद्दल हिस्लॉप बरोबर होता. आज आपण त्या थरांना पॅलिओसीन म्हणतो. पण हे नाव १८७४ साली निघाले, हिस्लॉपच्या काळी तो सारा आरंभ इओसीनमध्येच मोडे. टाकळीबद्दल ब्लॅनफर्ड बरोबर होता. दोघांच्याही मांडणीत चूक शिरली ती 'मधले थर' या एकवचनी कल्पनेतून. 'मधले' हे स्थानाचे नाव आहे, काळाचे नव्हे. दोन लाव्ह्यांच्या मध्ये असणे ही गोष्ट अनेक तळ्यांच्या वाट्याला अनेक वेळी आली, पण नाव एक पडल्यामुळे त्यांचे वयही एकच असेल असे वाटत राहिले. साहनींच्या शीर्षकातला 'की' हा शब्दही त्याच समजुतीतून आला होता.

आणि वर्षे मोजता आल्याने 'आधी-नंतर'चा प्रश्न संपला असेही नाही. २०१९ साली एकाच नियतकालिकात, एकाच अंकात, दोन गटांनी दख्खनच्या उद्रेकांची नवी कालगणना दिली. लाव्ह्याचा मोठा भाग महाविनाशाच्या आधी आला की नंतर, याविषयी त्यांचे चित्र जुळत नव्हते. घड्याळ कितीही सूक्ष्म झाले तरी शेवटचा प्रश्न स्टेनोचाच उरतो.

६

या साऱ्यातून साहित्याच्या अभ्यासकाने काय घ्यावे? उपमा म्हणून घेण्यासारखे पुष्कळ आहे, पण उपमेवर थांबू नये. येथे पद्धतीचा प्रश्न आहे.

हिस्लॉपने दगडांबरोबर शब्दही गोळा केले होते. गोंड समाजाविषयीची त्याची टिपणे त्याच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपलने प्रसिद्ध केली, आणि त्यांत लिंगोची गोंडी कथा मुळासह आहे. तिला शक नाही, कर्ता नाही. तिच्यात गोंडांची उत्पत्ती आहे, लिंगो आहे, तसेच महादेव आणि पार्वतीही आहेत. अशी कथा वाचताना आपण सहज म्हणतो : हा थर जुना, तो नवा. कशावरून? कथेत खालचा-वरचा असा कडा नसतो. आरंभीचा भाग आधी रचला गेला असेलच असे नाही. नवा भाग जुन्याच्या खाली, अगदी आरंभीच, घुसवलेला असू शकतो, लाव्हा घुसतो तसा. तेव्हा येथे 'भाजल्याच्या खुणा' शोधाव्या लागतात : नव्या भागाच्या स्पर्शाने जुन्याची भाषा, क्रम किंवा तर्क कोठे बदलला आहे काय?

दुसरी गोष्ट जुन्या रूपांची. जुना खडक झिजून त्यातला जीवाश्म नव्या गाळात जाऊन बसतो, हे भूवैज्ञानिकाला ठाऊक असते. म्हणून एखाद्या थराचे वय त्याच्यातील सर्वांत जुन्या अवशेषावरून तो ठरवत नाही. एकच नवा अवशेष दहा जुन्यांवर भारी पडतो. आपल्याकडे मात्र आर्ष रूपांची संख्या मोजण्याचा मोह दांडगा असतो. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ ची आणि एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली शके १५०६ मध्ये. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ साली जी प्रत छापली ती एकनाथपूर्व असल्याचा त्यांचा दावा होता आणि त्यात भाषेच्या जुन्या रूपांना मोठे स्थान होते. पुढे त्या दाव्याला अभ्यासकांनी आव्हान दिले. त्या वादाचा निवाडा येथे करायचा नाही. पण जुनी रूपे जुन्या काळातून आली की जुनेपणाची जाण असलेल्या नकलकाराच्या हातून आली, हा प्रश्न आणि छिंदवाड्याच्या अझोलाचा प्रश्न एकाच घरातले आहेत.

तिसरी गोष्ट प्रकरणांच्या नावांची. प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन. रोमँटिक, वास्तववादी, आधुनिक. ही नावे कोठल्या तरी थरांवरून पडली आहेत, आणि ते थर पुष्कळदा आपल्या कड्यातले नाहीत. एखादी मराठी कृती 'मध्ययुगीन की आधुनिक' असा वाद दोन पिढ्या चालूनही सुटत नसेल, तर पुरावा अपुरा आहे असे मानण्यापूर्वी, ती कृती त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे का, हे पाहावे. ब्लॅनफर्ड आणि साहनी या दोघांकडेही पुरावा होता. त्या पुराव्याला विचारलेल्या प्रश्नातच अडचण होती.

टाकळीच्या तळ्यातील गोगलगायीला यातले काही ठाऊक नव्हते. तिच्या खाली लाव्हा होता, आणि काही काळाने तिच्यावर लाव्हा आला. तिच्याविषयी एवढे विधान १८५५ सालीही खरे होते, १९३४ सालीही खरे होते आणि आजही खरे आहे. वर रचलेली मते बदलत गेली, हा क्रम तेवढा कोणाला बदलावा लागला नाही. आपल्या वाङ्मयेतिहासात अशी, कोणालाही बदलावी न लागणारी, विधाने किती आहेत, हे एकदा बसून मोजले पाहिजे.